‘झेप’ आणि तिचे वाचक : गंगाधरशास्त्री-वधाच्या कथेंत प्रमाण किती?

ऐतिहासिक कादंबरीची चर्चा या त्रैमासिकांत कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. सनदा, दफ्तरें आणि शिलालेख यांच्या पंक्तीस कल्पित कथेचें पान मांडणें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ती कादंबरी नसून तिच्यावरून वाचकांनीं दिलेले निकाल हा आहे. हे निकाल आतां मोडी बाडांच्या वेष्टनांवरही उमटूं लागले आहेत. यास्तव त्यांची छाननी संग्राहकांपुढेंच होणें युक्त वाटतें.

कै. ना. सं. इनामदार यांची ‘झेप’ ही कादंबरी १९६३ सालीं प्रसिद्ध झाली. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे हे तिचे नायक. गेल्या चातुर्मासांत आमच्या राई गांवीं कांहीं मंडळींनीं ती एकत्र बसून वाचली आणि प्रत्येकानें आपला अभिप्राय सांगितला. या ग्रंथाविषयीं येथें कुतूहल असण्यास कारणही आहे. भाईंदरहून उत्तनकडे जातांना मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें लागतात. हा सारा साष्टीचा मुलूख मराठ्यांनीं १७३७ सालीं पोर्तुगीजांपासून घेतला व १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याच्या किल्ल्यासह बळकावला. त्याच किल्ल्यांत, जेथें आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्रिंबकजी सुमारें एक वर्ष कैदेंत होते. त्यामुळें ही गोष्ट आपल्याच अंगणांतली, असें येथल्या वाचकास वाटतें.

ऐकलेल्या अभिप्रायांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग म्हणतो कीं, पुस्तक एकदां हातीं घेतलें म्हणजे खालीं ठेववत नाहीं. दुसऱ्या वर्गाचें म्हणणें असें कीं, त्रिंबकजी निरपराध होते हें आतां सिद्ध झालें. शास्त्र्यांच्या खुनाचें बालंट इंग्रजांनीं त्यांच्यावर रचलें. तिसरा वर्ग वडीलधाऱ्यांचा. त्यांच्या मतें एका कारस्थानी पुरुषास थोरवी देऊन ग्रंथकारानें ब्रह्महत्येचें पातक धुऊन काढलें, सबब असें पुस्तक ग्रंथालयांत ठेवूंच नये.

यांपैकीं पहिला अभिप्राय कोणास उथळ वाटेल. मला तोच सर्वांत शास्त्रशुद्ध वाटतो. राजकीय हत्येची कथा उत्कंठा वाढवीत नेणें हें कवीचें कर्म आहे, आणि तें साधलें कीं नाहीं एवढेंच तो वाचक सांगतो. विशाखदत्ताचें ‘मुद्राराक्षस’ पाहावें. राक्षसानें चंद्रगुप्तासाठीं योजिलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवितो, पर्वतक मरतो, आणि त्या वधाचा दोष उलट राक्षसाच्याच माथीं येतो. पुढें राक्षसाच्या मुद्रेनें अंकित झालेलें कपटलेखाचें पत्र मलयकेतूची मति फिरवितें. एवढें गुंतागुंतीचें नाटक आपण शतकानुशतकें वाचीत आलों. परंतु तेवढ्यावरून पर्वतकाच्या मृत्यूचा निवाडा करण्यास कोणी विद्वान् बसला नाहीं. नायकाच्या बाजूनें सहृदयाचें मन झुकावें हा काव्याचा धर्मच आहे. त्या झुकण्यास साक्षीपुराव्याचें मोल देणें हा वाचकाचा प्रमाद होय.

दुसरा आणि तिसरा वर्ग एकमेकांचे वैरी दिसतात, पण प्रमाद दोघांचा एकच. एकानें कादंबरीस निवाडपत्र मानून तें स्वीकारलें. दुसऱ्यानें निवाडपत्रच मानून तें फाडावयास काढलें. मूळ प्रकरणांत प्रमाण काय आहे, हें दोघांनींही पाहिलें नाहीं.

तें प्रमाण थोडक्यांत असें. गंगाधरशास्त्री पटवर्धन हे गायकवाडांच्या वतीनें पेशव्यांशीं हिशेबाचा तंटा तोडण्यासाठीं १८१४ सालीं पुण्यास आले. त्यांच्या जीविताची हमी इंग्रजांनीं घेतली होती. शके १७३७ च्या आषाढ शुद्ध पक्षांत, म्हणजे २० जुलै १८१५ रोजीं रात्रीं, पंढरपुरास देवदर्शन करून परततांना मारेकऱ्यांनीं त्यांस ठार केलें. प्रकृति बरी नसतांही त्यांनीं देवळांत यावें असा आग्रह त्रिंबकजींकडून पुनःपुन्हां झाला, हें शास्त्र्यांच्या माणसांचें सांगणें. रेसिडेंट एल्फिन्स्टन त्या वेळीं वेरूळाकडे होता. अर्थात् त्याचें ज्ञान ऐकीव व मागाहून गोळा केलेलें. शिवाय शास्त्र्यांचे वैरी बडोद्याच्या राजकारणांतही होते. सीताराम रावजीच्या पक्षाचीं माणसें तेव्हां पेशव्यांच्या आश्रयास होतीं आणि संशय त्यांच्यावरही गेला.

उलटपक्षीं, त्रिंबकजींस सर्वस्वीं निर्दोष म्हणणाऱ्यांनींही थोडें थांबावें. खून यात्रेच्या गर्दींत, पेशव्यांचा मुक्काम तेथेंच असतांना झाला. तरी मारेकऱ्यांचा कसून पाठलाग झाला नाहीं. पेशव्यांनीं आपल्या कारभाऱ्यास पाठीशीं घातलें आणि इंग्रजांचा तगादा निकरास आल्यावरच सप्टेंबर १८१५ मध्यें त्यांस स्वाधीन केलें. हें सर्व अनुमानाचें साधन आहे व तें दुर्बळ नाहीं.

परंतु न्यायसभा बसून वादी-प्रतिवादींचे जबाब झाले आणि मग दोष ठरला, असें या प्रकरणीं घडलें नाहीं. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहांत बाजीरावानें त्रिंबकजींचा दोष मान्य केला, हें खरें. त्या कबुलीच्या आधीं काय झालें तेंही मात्र ध्यानांत घेतलें पाहिजे. मे महिन्यांत पुण्यास इंग्रजी फौजेचा वेढा पडला होता, आणि सिंहगड, पुरंदर व रायगड हे तीन किल्ले तारण म्हणून द्यावे लागले होते. अशा स्थितींत दिलेली कबुली ही राजकारणांतील घटना म्हणून मोठी आहे. तथापि खुनाचा पुरावा म्हणून तिची किंमत बेताचीच. मला दिसतें तें एवढेंच कीं, त्रिंबकजींचें अंग या कृत्यांत असणें संभवनीय आहे, पण तें सिद्ध नाहीं. संभवनीय आणि सिद्ध यांमधील अंतर कादंबरीनें ओलांडलें तर तो तिचा अधिकार; आपण ओलांडूं लागलों तर आपलें शास्त्रच संपलें.

हें अंतर मीं स्वतः एकदां ओलांडलें आहे, आणि तें येथें नमूद करणें माझें कर्तव्य आहे. सुमारें बारा वर्षांपूर्वीं मिठागराच्या हिशेबाचें एक मोडी बाड माझ्याकडे वाचावयास आलें. एका पानावर ‘त्रिंबकजी’ आणि दोन ओळींखालीं ‘ठाणें’ हे शब्द दिसले. ‘झेप’ तेव्हां नुकतीच दुसऱ्यांदा वाचून झाली होती. मीं हर्षभरानें वेष्टनावर ‘त्रिंबकजी डेंगळे यांच्या ठाणें येथील कैदेसंबंधीं’ असें लिहून टाकलें. पुढें मितीचा मेळ घातला तों शक १७३१ निघाला, म्हणजे इसवी सन १८०९. कैदेच्या सहा वर्षें आधींचा. तो त्रिंबकजी मिठाचा मापारी होता आणि ठाण्यास केवळ जकातीचा भरणा व्हावयाचा होता. वेष्टन मीं बदललें, परंतु तोंपर्यंत तें शीर्षक एका खासगी संग्रहाच्या हस्तलिखित सूचींत उतरून गेलें होतें. त्या सूचीच्या नकला ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं ती नोंद रद्द समजावी. मोडी अक्षर मला लागलें होतें. कादंबरीच्या ओढीनें अर्थ मात्र चुकला.

आतां एक सूचना. १२ सप्टेंबर १८१६ रोजीं त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यांतून निसटले. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेविले होते. ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासांत सांगतो कीं, एका अंमलदाराच्या पदरचा मराठा मोतद्दार घोडा फिरवीत खिडकीखालून जाई आणि सुटकेचा बेत गाण्यांतून कळवी. भाषा न समजल्यामुळें पहारेकऱ्यांस कांहींच उमगलें नाहीं. बिशप हेबर याच्या प्रवासवृत्तांत त्या गाण्याचा इंग्रजी पद्यानुवादही आहे, मात्र मूळ मराठी शब्द त्यांत नाहींत. आमच्या वाचनमंडळींत सर्वांनीं मला एकच प्रश्न विचारला : तें गाणें मराठींत कसें होतें? ही उत्सुकता गोड आहे, पण संग्राहकास धोक्याची आहे. जें सर्वांस हवें असतें तें कोणीतरी तयार करून आणतो. उद्यां असें पद एखाद्या जुनाट कागदावर पुढें आलें, तर त्याचें चालणें-बोलणें किती ठसकेबाज आहे हें न पाहतां कागद, शाई, वळण आणि मुख्यतः तो कोणाच्या घरून कसा आला, हें आधीं विचारावें. इंग्रजी पद्याशीं तें ओळीस ओळ जुळत असेल, तर संशय दुप्पट धरावा.

‘झेप’ ग्रंथालयांतून काढावी असें मला वाटत नाहीं. त्रिंबकजींस १८१८ सालीं पुन्हां पकडून चुनारच्या किल्ल्यांत ठेविलें. तेथेंच १८२९ मध्यें त्यांचा अंत झाला. एल्फिन्स्टनची बाजू त्याच्या खलित्यांतून आपणांस विस्तारानें वाचावयास मिळते. ज्याच्यावर आरोप, त्याची बाजू तशी मिळत नाहीं. तो प्रश्न सामान्य वाचकाच्या मनांत जिवंत ठेवण्याचें काम या कादंबरीनें केलें, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. उत्तर मात्र पंढरपूर, बडोदें, आणि निमगांव जाळीच्या डेंगळे घराण्याचा परिसर येथील कागदांतच शोधावें लागेल. ज्या सभासदांच्या संग्रहीं शके १७३६ ते १७३९ या काळांतील या तीन ठिकाणचीं पत्रें असतील, त्यांनीं मूळ मितीसह व जशीच्या तशीं तीं प्रसिद्धीस द्यावीं. वेष्टनावर आपला तर्क लिहावयाचा झाल्यास तो तर्क म्हणूनच लिहावा, एवढी विनंति आहे.