माणूस लहान होत गेला तेव्हा

सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९च्या अखेरीस भरले. संयोजन नॅन्सी अदजानिया यांचे. सुमारे पाच दशकांचे काम सलग मांडलेले असल्यामुळे एक गोष्ट ठळक दिसते. 'इराणी रेस्टॉरंट'च्या (१९७७) काळात माणसाचा देह चित्रचौकट व्यापून असतो. 'पोखरण' (१९९१) आणि 'लोअर परळ' (२००१) येईतो प्रदेश वाढतो, माणूस त्यात शोधावा लागतो.

हा निव्वळ शैलीबदल मानणे मला पटत नाही. पटवर्धन १९७२ साली पुण्याहून डॉक्टर होऊन निघाले आणि पुढे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत चित्रे काढू लागले. डाव्या विचारांचा त्यांच्यावरचा प्रभाव सर्वश्रुत आहे. कामगार इतिहास घडवील, हा त्या पिढीचा विश्वास. १९८२च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि हरले. पुढे चिमण्यांच्या शेजारी टॉवर उभे राहिले. ज्याच्यावर भिस्त होती तो नायक गर्दीत मिसळला, आणि चित्रकाराने जे उरले ते रंगवले: पूल, रूळ, खणलेला डोंगर, अर्धवट इमारती. ठाण्याचा डोंगर इथे 'रम्य' होत नाही, तसा भेसूरही होत नाही. हा संयम मला प्रदर्शनातला सर्वांत मोलाचा ऐवज वाटतो.

आक्षेप एकच. मोठ्या विस्तारचित्रांत कधी कधी सगळे इतके नीट बसते की पराभवही सुबक दिसू लागतो.

लोणखेड्याहून हे पाहताना प्रश्न अधिक टोकदार होतो. पटवर्धन डॉक्टर झाले त्याच १९७२ साली शेजारच्या शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या भिल्ल कार्यकर्त्याने शेतमजुरांना ताठ उभे केले. ते १९७४मध्ये गेले. ध्येयवाद ओसरल्याची हुरहुर शहरी मध्यमवर्गाला परवडते. मजुरीवर जगणाऱ्याला तो हिशेब रोजच्या रोजीत मांडावा लागतो. आमच्या भागाची चित्रे म्हटली की अजूनही तोरणमाळचे धुके आणि होळीचा ढोल. गोमाईचे कोरडे पात्र, उसाने लादलेल्या ट्रॉल्या, पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याचा धूर यांकडे पटवर्धन पोखरणकडे पाहतात तसे कुणी पाहिले, तर त्या चित्रात ऊसतोड करणारी बाई किती मोठी असेल?