विसापूरची तोफ व गॅझेटियरचा तर्क

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणें जिल्ह्याविषयींचा १८ वा खंड १८८५ सालीं निघाला. त्यांत मावळांतील विसापूर किल्ल्यावरील एका लोखंडी तोफेचें वर्णन आहे. तोफेवर ट्यूडर घराण्याचा गुलाब व मुकुट उठावांत असून दोन्ही बाजूंस ई. आर. हीं अक्षरें आहेत. यावरून ती राणी एलिझाबेथच्या कारकीर्दींतील (१५५८–१६०३) असावी, आणि आंग्र्यांनीं किंवा दुसऱ्या एखाद्या मराठी आरमारी सरदारानें ती इंग्रजी जहाजावरून हस्तगत करून पेशव्यांस नजर केली असावी, असा तर्क गॅझेटियरकारांनीं केला आहे. त्यांनीं ‘असावी’ म्हटलें. मागून लिहिणारे त्याचें ‘आहे’ करतात. म्हणून या तर्काची पारख करणें अवश्य आहे.

तर्काचे दोन भाग पडतात. पहिला काळाविषयीं. गुलाब व मुकुट हें चिन्ह एलिझाबेथबरोबर संपलें नाहीं. पुढील शतकांतील इंग्रजी तोफांवरहि तें आढळतें. तेव्हां चिन्हावरून तोफ इंग्रजी ठरते, काळ ठरत नाहीं. कालनिर्णयाचा सर्व भार त्या दोन अक्षरांवर पडतो. दुसरा भाग तोफ गडावर कशी आली याविषयीं. लूट हा एक मार्ग झाला. पण मराठे युरोपियनांकडून तोफा विकतहि घेत. नजराण्याच्या कल्पनेस तेथें कोणत्याहि कागदाचा आधार दिलेला नाहीं.

जेथें कागद नाहीं तेथें धातु हाच कागद, आणि त्याचा मजकूर धातूच्या कातडीवर असतो. उठावाचीं अक्षरें ओतकामांत साच्यांतून उतरतात. परंतु बिडाची वस्तु फार दिवस दमट मातींत वा खाऱ्या पाण्यांत राहिली, कीं त्यांतील लोखंड झिजून जातें व शिसपेन्सिलींतील ग्राफाइटसारखा मऊ थर मागें उरतो. मूळ आकार त्या थरांतच शाबूत असतो. बाहेरून तो केवळ गंज दिसतो. तारेच्या ब्रशानें तो खरवडला, तर तोफ चकचकीत होते आणि अक्षरें नाहींशीं होतात. ओल्या गंजावर काळा रंग फासल्यास ओल व क्षार आंत कोंडून झीज चालूच राहते. लोणावळ्याच्या आसमंतांत वर्षास सुमारें ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, हें येथें विसरतां येत नाहीं.

गॅझेटियरकारांनीं आणखी एक गोष्ट नमूद केली आहे : गाड्यावर टेकणारे तोफेच्या दोन्ही अंगांचे खुंट मोडलेले आहेत. लोहगड व विसापूर मार्च १८१८ मध्यें इंग्रजांच्या हातीं गेले. तोफ त्या वेळीं निकामी केली कीं अन्य प्रसंगीं, याचा पुरावाहि त्या मोडीच्या पृष्ठभागांत शोधावयास हवा. तो घासून गुळगुळीत करणें म्हणजे दस्तऐवजाची मुद्रा पुसणें होय.

वस्तूच्या स्थितीची नोंद वेळींच न झाल्यास काय होतें, हें दायमाबादनें दाखविलें आहे. तेथील हत्ती, गेंडा, रेडा व बैल जोडलेला रथ हीं कांस्यशिल्पें १९७४ सालीं शेतकऱ्यांना खणतांना सांपडलीं. शास्त्रीय उत्खननाच्या थरांत तीं मिळालीं नाहींत. बहुतेक पुरातत्त्वज्ञ तीं उत्तर हडप्पाकालीन मानतात. परंतु धातूंत सोमलाचा अंश एका टक्क्याहून अधिक निघाल्यावरून डी. पी. अगरवाल यांनीं शंका घेतली. थर हातचा गेला, म्हणून धातूच्या पृथक्करणावर एवढा वाद उभा राहिला. उत्खननावर धातुरक्षक प्रथमपासून हजर हवा, तो याचकरितां. त्याचें पहिलें काम सफाई नव्हे, नोंद हें आहे.

तोच क्रम गडावर पाळावा. आधीं तिरप्या उजेडांत छायाचित्रें व अक्षरांचे ठसे घ्यावे; क्षारांची तपासणी करावी; मऊ कुंचल्यानें सुटी माती काढावी. जाणत्याच्या देखरेखीखालीं टॅनिक आम्लाचा लेप व त्यावर मेणाचा पातळ थर द्यावा. तोफ जमिनीपासून उचलून, तोंड किंचित उतरतें ठेवावें, म्हणजे आंत पाणी साठणार नाहीं.

२०२५ सालीं लोहगड जागतिक वारसा यादींत गेला. शेजारचा विसापूर त्यांत नाहीं. परंतु दोन्ही किल्ले केंद्रीय संरक्षणाखालीं असल्यानें परवानगीवांचून तेथें हात लावतां येत नाहीं. गडांवर श्रम करणाऱ्या तरुणांची निष्ठा खरी आहे. तिला या शिस्तीची जोड मिळावी. ई. आर. हीं अक्षरें खरोखर तशींच आहेत काय, हें आज पुन्हां वाचून प्रसिद्ध झालें पाहिजे. तोंवर गॅझेटियरचा तर्क तर्क म्हणूनच उद्धृत करावा.