शिक्का आणि शब्द

फ्रँक डॅराबाँट यांच्या ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ (१९९४) या चित्रपटाची चर्चा बहुधा त्यातील पलायनाभोवती फिरते. त्याची खरी नैतिक गुंतागुंत मात्र रेड या जन्मठेपेच्या कैद्याच्या तीन सुनावण्यांत आहे. अमेरिकेतील मेन राज्याच्या तुरुंगात वीस, तीस आणि चाळीस वर्षे काढल्यावर तो पॅरोल-मंडळासमोर, म्हणजे सशर्त मुक्ततेचा निर्णय करणाऱ्या समितीपुढे, जातो.

पहिल्या दोन वेळी तो आपण सुधारलो असल्याचे अदबीने सांगतो आणि कागदावर नकाराचा शिक्का उमटतो. तिसऱ्या वेळी तो ‘सुधारणा’ हा शब्दच पोकळ ठरवतो, वयाने लहान असलेल्या प्रश्नकर्त्याची भीड न बाळगता आपल्या पश्चात्तापाविषयी बोलतो; आणि त्याला मुक्तता मिळते. खोट्या शब्दाला नकार व खऱ्याला होकार मिळाला, असे मानून प्रेक्षक सुखावतो. परंतु हा अर्थ आपण लावलेला आहे. मंडळ कारण देतच नाही. दार सत्यवचनाने उघडले, वार्धक्याने की उलटलेल्या चाळीस वर्षांनी? कलेच्या दृष्टीने हे मौन प्रभावी आहे. न्यायाच्या दृष्टीने भयावह. ज्या कैद्यापाशी रेडचे वक्तृत्व नाही, त्याचा पश्चात्ताप कोणत्या मापाने मोजावयाचा?

होकारही या दोषातून सुटत नाही. पन्नास वर्षे तुरुंगात घालवलेला वृद्ध ग्रंथपाल ब्रुक्स मुक्त होतो आणि बाहेरच्या एकाकी खोलीत गळफास घेतो. त्याचे बाहेर कोण आहे, हे मंडळाने विचारल्याचे चित्रपटात कोठेही दिसत नाही.

आपल्याकडे पॅरोल म्हणजे ठरावीक मुदतीची सुटी. शिक्षा संपण्याआधीच्या सुटकेचा विचार मुदतपूर्व मुक्ततेच्या नियमांनी होतो. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००० साली लक्ष्मण नसकर खटल्यात पाच कसोट्या सांगितल्या: गुन्ह्याचा समाजावरील परिणाम, तो पुन्हा घडण्याचा संभव, कैद्याची गुन्हा करण्याची उरलेली क्षमता, पुढील कारावासाचे प्रयोजन आणि कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाच्या पीठासीन न्यायाधीशाचे मत सकारण असले पाहिजे, असे त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये राम चंदर खटल्यात बजावले.

मेन राज्याने १९७६ मध्ये पुढील गुन्ह्यांसाठी पॅरोलच रद्द केला. तो मनमानीवरील उपाय नव्हे. दार नीट उघडत नाही म्हणून तेथे भिंत बांधणे होय. कसोट्यांच्या रुक्ष यादीत रेडच्या भाषणाचे काव्य नाही, हे खरे. पण नकार मिळालेल्या माणसाला आपले म्हणणे कोठे अपुरे पडले, हे तिच्यामुळे विचारता येते. शिक्क्याला प्रश्न विचारता येत नाही.