बिनभाड्याचे घर

‘धर्माची गाय आणि दात का नाही’ असे विचारणाऱ्या माणसाला आपल्याकडे कृतघ्न म्हणतात. टीकाकाराला मात्र दात मोजल्यावाचून गत्यंतर नसते. त्याचा तो धंदाच आहे. लिनक्स ही संगणकाच्या दुनियेतली धर्माची गाय. पैसे पडत नाहीत, आणि ‘हप्ता थकला’ म्हणून कोणी दारात उभे राहत नाही. गेली तीन वर्षे ही गाय आमच्या गोठ्यात आहे, तिचे दूध आम्ही रोज पितो. तेव्हा दात मोजण्याचा अधिकार आम्हाला पोचतो, अशी आमची नम्र समजूत आहे.

निमित्तही तसेच घडले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. विंडोज ११ घ्यायचे तर संगणकात अमुक चिप हवी, तमुक प्रोसेसर हवा, अशा अटी. म्हणजे कित्येक चालतेबोलते, धडधाकट संगणक एका दिवसात सेवानिवृत्त! तेव्हापासून सोसायटीच्या जिन्यात लोक मला अडवू लागले आहेत. “ते तुमचं पेंग्विनवालं फुकट मिळतं ना हो? जमेल का आम्हाला?” जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नव्हे. म्हणून हा लेखनप्रपंच.

ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. संगणक सुरू केला की त्याला झोपेतून उठवून, तोंड धुवायला लावून कामाला बसवणारी एक व्यवस्था आत असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. लिनक्स ही तशी एक व्यवस्था. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केले की, आपण हौस म्हणून असले काहीतरी करीत आहोत, त्यातून फार मोठे काही व्हायचे नाही. हौशी मंडळींनी सुरू केलेल्या गोष्टींचे पुढे काय होते, हे आपण नाट्यसंस्थांवरून जाणतोच. इथे उलटे झाले. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरे काही औषधालाही सापडत नाही. अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच. म्हणजे जो गृहस्थ ‘आपल्याला काही ते लिनक्स जमायचं नाही बुवा’ असे मला सांगत असतो, त्याच वेळी ते त्याच्या खिशात वाजत असते.

मग घरच्या टेबलावरच ते का दिसत नाही? स्टॅटकाउंटरच्या मोजणीत टेबलावरच्या संगणकांमधला त्याचा वाटा ४ टक्क्यांच्या वर गेला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. तेव्हा भक्तांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. बत्तीस वर्षांच्या तपश्चर्येनंतर चार टक्के! आमच्या गल्लीतले अपक्ष उमेदवारसुद्धा याहून बरी मते घेतात.

या प्रश्नाचे उत्तर ‘फ्री’ या शब्दात आहे. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्हींना हा एकच शब्द. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली, आणि ‘आम्ही फुकट म्हणत नाही, मुक्त म्हणतो’ हे समजावून सांगण्यात चळवळीची चाळीस वर्षे गेली. मराठीत सुदैवाने दोन शब्द आहेत, त्यामुळे आपला तेवढा वेळ वाचला. आपण दोन्ही शब्द नीट पाहिले आणि त्यातला ‘फुकट’ तेवढा उचलला.

मुक्त म्हणजे असे, की घराचा नकाशा तुमच्या हातात. भिंत पाडा, खिडकी काढा, शेजाऱ्याला हुबेहूब तसेच घर बांधून द्या. कोणी विचारणार नाही. बिनभाड्याचे घर! (आपल्याकडे हे शब्द ऐकले की लोकांना येरवडा आठवतो, तो भाग वेगळा.) विकतच्या व्यवस्थेत आपण पैसे मोजूनही भाडेकरूच. इथे आपण मालक. इथवर ऐकताना सगळ्यांचा ऊर भरून येतो. मालकाच्या घरातला नळ गळू लागला तर तो दुरुस्त कोणी करायचा, हा प्रश्न पहिल्या पावसाळ्यानंतर सुचतो. लिनक्सवरची माझी सारी टीका या गळक्या नळापाशी आहे.

पहिला दात निवडीचा.

“मामा, तू कुठलं घेणार?” भाच्याने विचारले.

“लिनक्स.”

“ते कळलं रे. पण कुठलं?”

सार्वजनिक गणपतीत मूर्ती एकाच देवाची, पण मंडळे शेकड्यांनी, तसा हा प्रकार आहे. डेबियन मंडळ १९९३ चे. त्याचे संस्थापक इयन मर्डॉक यांनी मैत्रीण डेब्रा आणि आपण स्वतः अशी दोन नावे जोडून ते नाव पाडले. आपल्याकडे बंगल्यांची पाडतात तसे. डेबियनमधून २००४ साली उबुंटू निघाले, उबुंटूमधून २००६ साली मिंट. आपल्याकडे मंडळ फुटले की दोन्हीकडचे लोक वर्षभर तोंड फिरवून जातात. इथे फुटण्याला ‘फोर्क’ असे भारदस्त नाव आहे आणि तो हक्क समजला जातो. हक्क खरा; पण ज्याला फक्त विजेचे बिल भरायचे आहे त्याला दारातच शंभर मांडव दाखवले, तर तो आल्या पावली परत जातो. मी स्वतः कुठला प्रकार घेतला ते मुद्दाम सांगत नाही. सांगितले की बाकीच्या मंडळांचे कार्यकर्ते घरी येतात.

बसवल्यावर मात्र काहीच घडले नाही. ही तक्रार नव्हे, स्तुती आहे. पत्रे लिहिली गेली, सिनेमे दिसले, बँकेचे व्यवहार झाले, परदेशातल्या नातवाचे तोंड रोज रात्री पडद्यावर आले. सुधारणा आल्या त्या विचारून आल्या, आणि ‘थांबा, पाच मिनिटांनी’ म्हटले तर खरोखर थांबल्या. आमच्या सौ. रोज संगणकावर बसतात. पंधराव्या दिवशी त्यांनी विचारले, “अहो, वॉलपेपर बदललात का?” एवढी मोठी पावती कुठल्याही समीक्षकाने आजवर दिली नसेल.

पण एक दिवस आवाज बंद पडतो, आणि दुसरा दात दिसतो. हा दात काळा आहे. भाचा फोनवरून म्हणतो, “टर्मिनल उघड.” उघडले की काळी पाटी. तिच्यावर मंत्र लिहायचे. महत्त्वाच्या मंत्राआधी ‘सुडो’ हा बीजमंत्र लावावा लागतो. पहिल्यांदा लावला की बऱ्याच मंडळांत यंत्र आपल्याला उपदेश करते: दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची कदर करा, टंकण्याआधी विचार करा, सत्तेबरोबर जबाबदारी येते. मुंजीत बटूला याहून कमी सुनावतात. मग पासवर्ड विचारतात. आपण टंकतो, आणि पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही. साधे ठिपकेसुद्धा नाहीत. पुष्कळ सज्जन इथे कीबोर्ड बिघडला असे समजून उठून जातात. एकदा हाच मंत्र सौ.च्या खात्यातून म्हटला गेला. यंत्राने सुनावले, तुम्हाला अधिकार नाही, या प्रकाराची वर्दी वरिष्ठांना दिली जाईल. आमच्या घरात सौ.च्याहून वरिष्ठ कोण, याचा शोध ते यंत्र अजून घेत असावे.

तिसरा दात प्रिंटरचा, आणि त्यात काव्यगत न्याय आहे. १९८० च्या सुमारास स्टॉलमन एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरला, कागद अडकला की लोकांना तसे कळवायला त्यांनी शिकवले होते. मग नवा प्रिंटर आला. त्यालाही शिकवावे म्हणून त्यांनी त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर मागितला. तो मिळाला नाही. पुढे जी चळवळ झाली तिच्या मुळाशी हा अनुभव आहे. म्हणजे अडकलेल्या कागदातून एक युगप्रवर्तक विचार निघाला. कागद मात्र आमच्या घरी अजून निघालेला नाही. नवे प्रिंटर लिनक्सशी बहुधा गोडीने वागतात, हे कबूल; पण आमचा म्हातारा दर आठवड्याला ओळख विसरतो.

आणि आता चौथा दात. तो गाईचा नाही, गावाचा आहे. घर कितीही पक्के असले तरी रस्ता गावाचाच असतो. एका कार्यालयाचा अर्ज फक्त विंडोजवरच चालतो. छापखान्याला मजकूर एका ठरावीक सॉफ्टवेअरमध्येच लागतो. टॅलीवर हिशेब लिहिणारे किंवा फोटोशॉपवर पोट असणारे, यांच्यासाठी लिनक्सवरची आवृत्तीच निघत नाही. जर्मनीत म्युनिकच्या महापालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक त्यावर आणले, आणि २०१७ साली विंडोजकडे परत जाण्याचा ठराव केला. कारणांवरून भांडणे पुष्कळ झाली. पण बाहेरून येणारे कागद नीट उघडत नाहीत, ही तक्रार त्यात वारंवार होती. जिथे एवढ्या मोठ्या महापालिकेने हात टेकले, तिथे आमच्या ‘सी’ विंगची काय कथा!

एवढे सगळे असून मी हे घर का सोडत नाही, ते आता सांगतो.

आमच्या वडिलांनी शेवटच्या वर्षी, १९९९ साली, आपल्या आठवणी सांगितल्या. ते बोलत, मी टंकत असे. चाळीस पाने झाली. तेव्हाचे ते मराठी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या खोबणीत खुपसायच्या एका कुलपासकट मिळे; कुलूप नसेल तर अक्षर उमटत नसे. पुढे संगणक बदलले, ती खोबण गेली, कुलूप गेले. फाइल मात्र राहिली. परवा उघडली, तर दादांच्या तोंडी रोमन अक्षरे, आकडे आणि उद्गारचिन्हे! दादा संतापी होते, पण इतके नव्हते. याला लिनक्स जबाबदार नाही. त्या फॉन्टवाचून कुठल्याही संगणकावर ते असेच दिसले असते. त्या काळच्या मराठीत अक्षरे आतून रोमनच असत, वर फॉन्टचा मुखवटा असे. मुखवटा ज्याच्याकडे, मजकूर त्याचा. माझ्या वडिलांचे शब्द मी टंकले होते, माझ्या घरात होते, आणि त्यांची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती.

भाच्याने दोन रात्री बसून ती पाने युनिकोडमध्ये आणली. बरेचसे जमले. जोडाक्षरे मोडली; ‘तऱ्हा’ आणि ‘दुसऱ्या’ यांतले र पार कामातून गेले. ती मी हाताने नीट करतो आहे. १९८६ साली ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आयताच असतो, देवनागरी फॉन्टही बहुतेक मंडळांत बरोबर येतात, आणि त्यांचा नकाशा उघडा असल्यामुळे उद्या एखादे अक्षर चुकले तर कुणीही ते सुधारू शकतो. ती फाइल आता विंडोजवर उघडते, फोनवर उघडते, नातवाकडेही उघडते. रोज दोन पाने होतात. काल दादा विहिरीत पडलेल्या बादलीपर्यंत आले.

तेव्हा जिन्यातल्या मंडळींना माझे उत्तर असे. ज्यांचे काम ब्राउझर, पत्रे आणि सिनेमे यांत भागते त्यांनी लिनक्स जरूर घ्यावे. ज्यांचे पोट एखाद्या ठरावीक सॉफ्टवेअरवर आहे त्यांनी भावनेच्या भरात जाऊ नये. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे; आतल्या डिस्कला हात न लावता तसे करता येते, म्हणजे मुलगी पाहायला गेल्यासारखे नुसते पोहे खाऊन परत येता येते. घरात एखादा भाचा असावा. आणि जाताना एवढेच सांगा, तुमचा प्रिंटर कोणत्या सालचा आहे?