तीन रंगांचा चौकडा

डिसेंबरातल्या सकाळी पाचगणीच्या टेबल लँडवर गेलं, की खाली कृष्णेच्या खोऱ्यात धुकं भरलेलं असतं आणि वारा थेट मनगटात शिरतो. तेव्हा अंगात असतो माझा जुना फ्लॅनेलचा शर्ट, गडद हिरव्या, निळ्या आणि काळ्या चौकड्यांचा. दुकानदार त्याला नुसतं 'चेक्स' म्हणाला होता. या चौकड्याला नाव आहे, ब्लॅक वॉच.

लांबून तीन रंग दिसतात. बाही डोळ्यांजवळ धरली की सहा होतात. उभ्या हिरव्यावर आडवा हिरवा आला की भरीव हिरवा चौकोन होतो, निळ्याचं आणि काळ्याचंही तसंच. पण हिरव्यावर निळा आला की दोघं एकमेकांत विरघळत नाहीत, बारीक तिरक्या रेघांनी शेजारी शेजारी बसतात. चार पावलांवरून तिथे शेवाळी निळसर सावली दिसते. रंगाऱ्याने तीनच रंग दिले, उरलेले तीन विणीने आणले! आणि तो काळा पट्टा पाहा. हिरव्या-निळ्यामध्ये तो उभा नसता, तर हे दोन गडद रंग एकमेकांत बुडून गेले असते.

ब्लॅक वॉच ही स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली पलटण, तिचा हा चौकडा. तिथल्या बंडानंतर 1746 मध्ये ब्रिटिश संसदेने त्या मुलखातल्या पुरुषांना त्यांचा पारंपरिक चौकड्यांचा पोशाख घालायला कायद्याने बंदी केली. सूट होती ती राजाच्या फौजेतल्यांना. बंदी उठली 1782 मध्ये. छत्तीस वर्षं सामान्य पुरुषांना घालता आला नाही तो चौकडा पलटणीच्या अंगावर उजळ माथ्याने वावरत राहिला. शर्टाच्या लेबलावर 'हेरिटेज' असा शब्द छापलेला असतो, त्यात ही छत्तीस वर्षंही येतात. मला ती विसरवत नाहीत.

आणि चौकडा आपल्याला तरी कुठे परका आहे? गोव्यातल्या कुणबी बायकांची तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांची साडी डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी फॅशनच्या मंचावर नेली. तिची वीण साधी, सूत कापसाचं, पण हिशेब हाच, उभा रंग आणि आडवा रंग. पाचगणीहून दक्षिणेला उतरत गेलं की विट्याचे माग लागतात, पुढे इचलकरंजी. तिथे विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग आणला. धोट्याच्या मागावर चौकडा काढायचा म्हणजे बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, प्रत्येक रंगाला वेगळा धोटा. रंगाच्या क्रमात एक चूक झाली, तरी ती कापडाच्या पूर्ण पन्ह्यावर आडवी उमटते.

उरलेलं शिंप्याच्या हातात. माझ्या शर्टाच्या खिशावरच्या रेघा खालच्या छातीवरच्या रेघांना अशा जुळल्या आहेत, की खिसा चाचपून शोधावा लागतो. त्यासाठी कापड जास्त लागतं, वेळ जास्त लागतो. ज्याने तो बेतला त्याला मी पाहिलेलं नाही, पण त्याच्या कात्रीला मी मानतो.

पुढच्या वेळी असा शर्ट घ्याल तेव्हा आधी तो उलटा करा. आतून रंग फिका पडला असेल, तर चौकडा विणलेला नाही, छापलेला आहे. तो परत ठेवा.