विज्ञानकथेचा वृद्ध वाचक

डॉ. जयंत नारळीकर यांचें २० मे २०२५ रोजीं पुण्यास निधन झालें, त्या दिवशीं आम्हीं कपाटांतील अगदीं वरच्या फळीवरचीं पुस्तकें खालीं काढलीं. 'यक्षांची देणगी' होतें, भा. रा. भागवतांनीं केलेलीं व्हर्नचीं रूपांतरें होतीं, आणि वेल्सच्या कथांचा बांधणी उसवलेला एक जाड संग्रह होता. घरांतील एका तरुणानें सहज विचारलें, "या वयांत हें पुन्हां वाचणार?" प्रश्नांत उपहास नव्हता, तरी तो आम्हांस लागला. काव्याचा रसिक म्हातारा झाला तर लोक त्यास व्यासंगी म्हणतात. नाटकाचा शौकीन म्हातारा झाला तर त्याच्या आठवणी ऐकावयास मंडळी जमते. विज्ञानकथेचा वाचक मात्र सत्तरी उलटल्यावरहि त्याच पुस्तकांस चिकटून राहिला, तर याचें पोरपण अजून सरलें नाहीं असें समजण्यांत येतें. हा समज कितपत खरा आहे, तें त्या पुस्तकांसच विचारावें म्हणून आम्हीं तीं पुन्हां वाचलीं.

प्रथम 'चंद्रावर स्वारी'. ज्यूल्स व्हर्नची मूळ कादंबरी १८६५ सालची. फ्लोरिडांत नऊशें फूट लांबीची तोफ जमिनींत ओतावयाची, आणि तिच्या पोकळ गोळ्यांत तीन माणसें बसवून तो गोळा चंद्रावर सोडावयाचा, ही तिची मध्यकल्पना. दहाव्या वर्षीं आमचा हिच्यावर पूर्ण विश्वास बसला. पुढें कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकल्यावर कळलें कीं, तोफ उडतांक्षणींच त्या तिघांचा चेंदामेंदा झाला असता. आणि हें ज्ञान झाल्यापासून कित्येक वर्षें आम्ही बिचाऱ्या व्हर्नशीं वडीलकीच्या नात्यानें वागत होतों. या खेपेस तोफेकडे आमचें लक्षच गेलें नाहीं. लक्ष गेलें तें ती कल्पना काढणाऱ्या मंडळीकडे. व्हर्नचा गन क्लब म्हणजे अमेरिकेंतील यादवी युद्ध संपल्यामुळें रिकाम्या झालेल्या तोफखानेवाल्यांचा अड्डा. कोणाचा पाय लांकडी, कोणाच्या हाताच्या जागीं पोलादी आंकडा, कोणाचा जबडा रबराचा तर कोणाची कवटी चांदीची. काम उरलें नाहीं, कोणी बोलावीत नाहीं, जुन्या पराक्रमांच्या गप्पाहि सांगून संपल्या. अशा निरुपयोगी ठरलेल्या माणसांना चंद्र सुचतो! कॉलेजांत मूळ ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर वाचतांना हीं पानें आम्हीं कंटाळवाणीं म्हणून उलटून टाकलीं होतीं. आज आमच्या मतें तींच त्या ग्रंथांतील सर्वांत जिवंत पानें आहेत.

भाकितें चुकलीं म्हणजे या वाङ्मयांत उरतें काय, हा आक्षेप नेहमींचा आहे आणि तो अगदींच पोकळ नाहीं. आर्थर क्लार्क यांची '२००१ : अ स्पेस ओडिसी' ही कादंबरी व तिच्या जोडीचा चित्रपट १९६८ सालचीं. त्यांत २००१ सालीं मनुष्य चंद्रावर ठाणें देऊन दूरच्या ग्रहांकडे निघाला आहे. प्रत्यक्षांत २००१ साल उजाडलें तेव्हां, १९७२ च्या डिसेंबरांत अपोलो १७ मधील मंडळी परतल्यानंतर, चंद्रास कोणाचाहि पाय लागला नव्हता. त्या वर्षाच्या पहिल्या सकाळीं आम्ही दूध आणावयास गेलों, तेव्हां हा हिशेब मनांत होता; आणि खोटें कशास बोलावें, कोणीतरी आपणांस फसविलें असें आम्हांस वाटलें. पण ज्या डोळ्यांनीं आम्हीं हीं पुस्तकें आतां पुन्हां वाचलीं, त्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढून तेथें कृत्रिम भिंगें बसविलेलीं आहेत. असें भिंग हॅरोल्ड रिडले यांनीं प्रथम १९४९ सालीं लंडनमध्यें एका रुग्णाच्या डोळ्यांत बसविलें. आमच्या लहानपणच्या एकाहि गोष्टींत तें नव्हतें. भविष्य आलें नाहीं असें नाहीं. आम्ही ज्या फाट्यावर वाट पाहत उभे होतों, तेथें तें आलें नाहीं. स्वतः क्लार्क शेवटपर्यंत वाट पाहत होते. डिसेंबर २००७ मध्यें, नव्वदाव्या वाढदिवसानिमित्त कोलंबोहून दिलेल्या संदेशांत त्यांनीं तीन इच्छा व्यक्त केल्या, त्यांत पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीचा पुरावा मिळावा ही एक होती. पुढच्या मार्चमध्यें ते वारले.

आमची खरी तक्रार निराळी आहे. ज्या वाङ्मयानें आम्हांस साठ वर्षें सोबत केली, त्यानें वार्धक्याकडे जवळजवळ पाठच फिरविलेली आहे. त्याचे नायक बहुधा पंचविशीचे. वृद्ध मनुष्य आलाच तर तो पांढऱ्या दाढीचा प्राध्यापक म्हणून येतो, फळ्यावर दोन समीकरणें मांडून देतो आणि कथेंतून निघून जातो. त्याचे गुडघे दुखतात काय, त्यास रात्रीं झोंप लागते काय, याची चौकशी कोणी करीत नाहीं.

या नियमास वेल्सची एक कथा मोठा अपवाद आहे. १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या कथेंत एल्व्हशॅम नांवाचा एक धनाढ्य, निपुत्रिक तत्त्ववेत्ता ईडन या गरीब वैद्यकीय विद्यार्थ्यास वारस नेमण्याचें आमिष दाखवितो, त्याच्या प्रकृतीची कसून तपासणी करवितो, आणि एका रात्रीं मद्यांतून गुलाबी पूड देतो. ईडन जागा होतो तो परक्या अंथरुणांत. तोंडांत दांत नाहींत, आवाज किरटा झाला आहे, हातांस सुरकुत्या पडल्या आहेत. म्हातारा त्याचें शरीर घेऊन गेला आहे. विद्यार्थीदशेंत आम्हांस ही एका चोरीची भयकथा वाटली होती आणि आमचा सगळा राग त्या म्हाताऱ्यावर होता. या वेळीं त्या जागें होण्याच्या प्रसंगापाशीं आम्ही थांबलों. हें स्वप्न असेल, पुन्हां निजलों तर सर्व पूर्ववत् होईल, असें म्हणून ईडन डोळे मिटून घेतो. पूड वगैरे कांहीं न घेतां आम्हीं हें पुष्कळदां केलेलें आहे. कथा लिहितांना वेल्सनें तिशीहि गांठली नव्हती; पण तरुणपणींच छातींतून रक्त पडून अंथरूण धरण्याचा प्रसंग त्याच्यावर आलेला होता, आणि शरीर परकें होतें म्हणजे काय होतें तें त्यास ठाऊक असावें.

तथापि कथेचा शेवट आम्हांस पसंत नाहीं. ईडन त्या जीर्ण देहांत आत्महत्या करतो, आणि त्याच्या चोवीस तास आधींच त्याचें चोरलेलें तरुण शरीर गाडीखालीं सांपडून मेलेलें असतें. हिशेब चुकता झाला खरा. पण लेखकास जें लिहावयाचें होतें तें राहूनच गेलें. परत मिळालेल्या तारुण्यांत एल्व्हशॅमला काय सांपडलें? आमच्या वाचकांस येथें ययातीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. पुरूनें जरा घेतली ती जाणूनबुजून. ययातीनें सहस्र वर्षें तारुण्य भोगलें, भोगानें तृप्ति होत नाहीं हें अनुभवलें, आणि मुलाचें तारुण्य मुलास परत दिलें. महाभारतकारांनीं तें तारुण्य वापरून पाहिलें. वेल्सनें तें एक दिवसहि वापरूं दिलें नाहीं. विज्ञानकथेच्या एका मोठ्या लेखकाचें धैर्य येथें पुराणकथेपुढें कमी पडलें, असें आम्हांस नाइलाजानें म्हणावें लागतें.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविली होती. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगांत जाऊन पोंचतात कीं, जेथें पानिपतावर विश्वासरावांस गोळी लागलीच नाहीं आणि मराठ्यांचा जय झाला. ग्रंथालयांत बसून ते त्या दुसऱ्या इतिहासाचीं पानें उलटतात. आझाद मैदानावरील सभेंत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसतांच संवयीनें तींत जाऊन बसतात, आणि तेथील श्रोते त्यांस पिटाळून लावतात. पूर्वीं यांत आम्हांस कौतुक होतें तें मराठी राज्याचें. आतां गंगाधरपंतांचें वाटतें. आमचीं स्वतःचीं पानिपतें लहान. त्यांची बखर कोणी लिहिली नाहीं. तरी एक नोकरी घेतली नसती तर, एका मित्रास त्या संध्याकाळीं एकटें जाऊं दिलें नसतें तर, असे कानाजवळून गेलेल्या वा वर्मीं लागलेल्या गोळ्यांचे हिशेब आम्ही रात्रीं करीत असतों. ज्या मित्राबरोबर आम्हीं हें सर्व वाङ्मय उसनें आणून वाचलें, तो आज नाहीं. हीं पुस्तकें वाचून झाल्यावर तीं कोणास द्यावीं हा प्रश्न आमच्यापुढें आहे.

कथेच्या अखेरीस गंगाधरपंतांचे मित्र पुंज सिद्धान्ताच्या आधारें सर्व प्रकार समजावून देतात. पूर्वीं तीं पानें आम्ही पेन्सिलीनें खुणा करून वाचीत असूं. त्या खुणा अजून आहेत. या खेपेस आम्हीं तीं पानें उलटलीं, आणि पुन्हां आझाद मैदानावरील त्या रिकाम्या खुर्चीपाशीं आलों.