स्मरणपत्राची संहिता आणि अर्धवेळ वाचक

परिपत्रक, सूचनापत्र, स्मरणपत्र या विद्यापीठीय लेखनाकडे समीक्षेने सहसा लक्ष दिलेले नाही. ज्याला वाङ्मयीन मूल्य नाही ते विचारार्हही नाही, अशी त्यामागची धारणा असावी. परंतु लेखनप्रकार म्हणजे केवळ रूपवैशिष्ट्यांची बेरीज नव्हे, तर पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या परिस्थितीत केली जाणारी एक सामाजिक कृती होय, ही कॅरोलिन मिलर यांची १९८४ मधील मांडणी स्वीकारली, तर या लेखनाचीही समीक्षा संभवते. अमेरिकी विद्यापीठांत सत्राच्या मध्यावर अर्धवेळ लेखन-अध्यापकांना जे पत्र पाठवले जाते, त्याचा या दृष्टीने येथे विचार करावयाचा आहे.

तेथे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना लेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम बहुधा सक्तीचा असतो. तो शिकवणाऱ्यांत सत्रापुरती नेमणूक आणि अभ्यासक्रमागणिक मोबदला असलेल्या अध्यापकांचा मोठा भरणा असतो. ऑक्टोबरच्या सुमारास त्यांना येणाऱ्या पत्राची घडण परिचित असते. आरंभी आभार, मग स्मरणे : मध्यसत्र श्रेणी कळवाव्यात, प्रत्येक विद्यार्थ्याशी मसुद्यावर स्वतंत्र चर्चा करावी, सतत गैरहजर राहणाऱ्यांची नावे द्यावीत. शेवटी साहाय्याचे आश्वासन : अडचण आल्यास जरूर भेटावे.

या संहितेत दोन भिन्न भाषिक कृती एकत्र नांदतात. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत बोलायचे, तर प्रत्येक कृतीच्या साफल्याच्या काही पूर्वअटी असतात. ‘स्मरण देणे’ या कृतीत श्रोत्याला ती बाब आधीच ठाऊक आहे, ती त्याच्या हातून राहून जाण्याचा संभव आहे आणि वक्त्याला स्मरण देण्याचा अधिकार आहे, या तीन गोष्टी गृहीत असतात. ‘साहाय्य देऊ करणे’ या कृतीत देण्याजोगे काही वक्त्यापाशी आहे आणि ते नाकारण्याची मुभा श्रोत्याला आहे, हे गृहीत असते. अर्धवेळ अध्यापकाच्या बाबतीत या अटी डळमळीत होतात. सत्र सुरू होण्याच्या तोंडावर नेमल्या गेलेल्या अध्यापकाला अनेक नियम या पत्रातूनच प्रथम कळतात. जे कधी सांगितलेच नव्हते, त्याचे स्मरण दिले जाते आणि माहितीच्या अभावाला विस्मरणाचे, म्हणजे व्यक्तिगत उणिवेचे, रूप येते. दुसरीकडे, पुढील सत्रातील नेमणूक ज्यांच्या हाती आहे त्यांनीच देऊ केलेले साहाय्य तो कितपत मोकळेपणाने नाकारणार, किंवा मागणार? अडचण सांगणे म्हणजे आपली अपात्रता नोंदवून घेणे, ही भीती पत्रातील आपुलकीच्या स्वराने दूर होत नाही.

हा केवळ प्रशासनाचा प्रश्न नाही. त्याच्या मुळाशी वाचनाची एक विशिष्ट कल्पना आहे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये १९७० साली खुल्या प्रवेशाचे धोरण आले. त्या काळातील सुमारे ४,००० प्रवेशनिबंधांच्या आधारे मीना शॉनेसी यांनी ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ (१९७७) हा ग्रंथ सिद्ध केला. नवख्या लेखकाच्या चुकांमागेही एक तर्क असतो आणि तो शोधणे हे अध्यापकाचे काम आहे, हे त्यांचे प्रतिपादन म्हणजे विद्यार्थ्याच्या लेखनाला संहितेचा दर्जा देणे होते. पुढे १९८२ मध्ये नॅन्सी सॉमर्स यांनी ३५ अध्यापकांचे शेरे तपासून दाखवले, की बहुतेक शेरे कोणत्याही निबंधावर शिक्क्यासारखे उमटवता येतील असे असतात आणि विद्यार्थ्याचे लक्ष त्याच्या हेतूवरून अध्यापकाच्या हेतूकडे वळवतात. दोन्ही प्रतिपादने मोलाची आहेत. पण दोन्ही विपुल वेळ असलेल्या वाचकाची अपेक्षा धरतात.

तो वेळ किती? एका लेखन-अध्यापकाकडे सत्रात ६० हून अधिक विद्यार्थी असू नयेत, असे महाविद्यालयीन लेखन-अध्यापकांच्या अमेरिकी परिषदेने १९८९ च्या आपल्या निवेदनात म्हटले होते. हीच मर्यादा पाळली आणि एका मसुद्याला २० मिनिटे दिली, तरी एका फेरीला २० तास लागतात. चार मसुद्यांना ८०. दोन-तीन महाविद्यालयांत मिळून शिकवणाऱ्या अध्यापकाच्या बाबतीत ही मर्यादा प्रत्येक संस्था स्वतंत्रपणे पाळू शकते आणि तरीही एकूण संख्या ती ओलांडू शकते. मग सॉमर्स यांना आढळलेला शिक्कावजा शेरा हा संवेदनशीलतेचा अभाव मानावा, की वेळेच्या अभावातून घडलेली शैली? निदान अर्धवेळ वाचकापुरते तरी दुसरे उत्तर अधिक ग्राह्य वाटते.

अशी सर्व पत्रे पोकळ असतात असे मात्र म्हणता येणार नाही. पहिल्या मसुद्यावर आशयाचे एक-दोनच प्रश्न विचारावेत, व्याकरणाच्या खुणा नंतरसाठी ठेवाव्यात, असे सांगणारे पत्र अध्यापकाचा भार खरोखर हलका करते आणि विद्यार्थ्याचेही हित साधते. दोन मसुद्यांपैकी एकच तपासला तरी चालेल, अशी स्पष्ट परवानगी देणारे पत्र त्याहूनही मोलाचे. यावरून एक निकष सुचतो : जे पत्र अध्यापकाच्या कामातून काही वजा करते ते साहाय्य, जे केवळ भर घालते ते, त्याचा स्वर कितीही स्नेहाळ असला तरी, स्मरणच.

महाराष्ट्रातील वाचकाला हे दूरचे वाटू नये. आपल्याकडे तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाचे मानधन घेतलेल्या तासांवर ठरते. निबंध घरी नेऊन वाचण्याची तासिका नसते. प्रस्तुत लेखकाने आरंभीची काही वर्षे याच तत्त्वावर काढली. त्या काळात विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर ‘ठीक’ हा शेरा किती वेळा लिहिला, याची आठवण सुखद नाही.

वाचककेंद्री समीक्षेने वाचकाला सिद्धान्तात स्थान दिले. वुल्फगांग इझर यांनी संहितेत अभिप्रेत असलेला वाचक दाखवला. स्टॅन्ली फिश यांनी वाचन ही काळात घडणारी क्रिया आहे, यावर भर दिला. परंतु तो काळ वाचकाला उपलब्ध असतो, हे दोघांनीही गृहीतच धरले. विद्यापीठात सर्वाधिक वाचन ज्यांच्याकडून होते त्यांचा वेळ मोजलेला आणि बराचसा बिनमोबदल्याचा आहे. या वाचकाला जागा दिल्याशिवाय वाचनाचा कोणताही सिद्धान्त, निदान विद्यापीठाच्या आवारात, पुरा होत नाही.